कडी आतून

गरोदर मुलींसाठी आसऱ्याचं घर काढायचं ठरलं की माणसं आधी खाटा मोजतात, मग गाद्या, मग पाळणे. श्रद्धेपोटी अशी घरं चालवणाऱ्या आमचं सांगणं असं की आधी सुतार बोलावून दार बघून घ्यावं. मुख्य दाराला कडी आतून हवी आणि ती आत राहणाऱ्या मुलीच्या हाताला सहज पोचली पाहिजे. बाहेरून कुलूप घालायची सोय ठेवूच नये. कोयंडा असला की कधी ना कधी कुणीतरी काळजीपोटी कुलूप घालतंच. रात्रपाळीची मावशी एकटी असते, एखादी मुलगी संध्याकाळपासून "मी जाते" म्हणत असते, आणि कुलूप हाताशी असतं. मग त्याच रात्री अडीच वाजता दुसऱ्या कुणाचं पाणी फुटतं आणि किल्ली शोधण्यात पाच-दहा मिनिटं जातात. शिवाय सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडणं हा गुन्हा आहे, कोंडणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. आणि इथे येणाऱ्या कितीतरी जणी कुणाच्या तरी कुलपातूनच सुटून आलेल्या असतात. बापाच्या, मामाच्या, नवऱ्याच्या. त्यांना परत कुलपाचा आवाज ऐकवू नये.

पाचवा-सहावा महिना लागला की ओढणी पुरत नाही. तोवर घरात कुणाला कळलेलं नसतं, किंवा कळून सगळ्यांनी गप्प राहायचं ठरवलेलं असतं. मग चंदगडकडून, शाहूवाडीकडून, राधानगरीकडून शेवटची एसटी धरून मुलगी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरते. दारात पोचते तेव्हा नऊ-दहा वाजून गेलेले असतात. म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावरही दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी झाकून ठेवायची, रोज. खाणारं कुणी आलं नाही तर सकाळी भाकरी कुस्करून फोडणीला घालता येते. आलेल्या मुलीला खाली सतरंजीवर बसवू नये, खुर्ची द्यावी. पोट पुढे आलेल्या बाईला जमिनीवरून उठताना धाप लागते आणि पहिल्याच भेटीत ती ओशाळते. आधी पाणी, मग बाथरूम कुठे ते दाखवायचं, मग ताट. "आधी जेव की, मग बोलू," एवढं एक वाक्य पहिल्या तासाला पुरतं.

त्या तासात फक्त तब्येतीचे प्रश्न विचारायचे. अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय का? पोटात कळा येतायत का? डोकं फार दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का? बाळ हलतंय का? आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचा. वरचा १४० किंवा खालचा ९० असला तर ती रात्र घरात काढायची नाही, दवाखान्यात न्यायचं. कोवळ्या वयाच्या पहिलटकरणीत रक्तदाब वाढण्याचा आणि झटके येण्याचा धोका जास्त असतो आणि तो फार वेळ देत नाही. नाव, गाव, जात, "कुणाचं आहे" यातलं काहीही त्या रात्री नको. बाकीचं सकाळी. त्यातला शेवटचा प्रश्न तर आपण कधीच विचारायचा नसतो. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगते.

सकाळी मात्र दोन गोष्टी लांबणीवर टाकता येत नाहीत. वय आणि आठवडे.

वय अठराच्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो. "तो माझ्यावर प्रेम करतो, आम्ही लग्न करणार आहोत," असं ती मनापासून सांगत असली तरी २०१२ च्या या कायद्यात अठराच्या आतल्या संमतीला संमती धरत नाहीत. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं, हे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला ती जास्त आहे. श्रद्धेने चालणारी घरं इथेच घसरतात. मुलीची अब्रू झाकली जावी, आईबापांची बदनामी होऊ नये, म्हणून "आपल्यातल्या आपल्यात" ठेवायचा मोह होतो. त्यातून पुढे जे होतं ते भयंकर असतं. प्रसूतीच्या वेळी दवाखाना कळवतोच, आणि मग चौकशी घरावर येते. मुलीला वाटतं की आता हेही घर फसवं निघालं. म्हणून कळवण्याआधी तिला समोर बसवून सगळं सांगायचं: पोलीस येतील, महिला पोलीस बोलेल, जबाब होईल, बाळ झाल्यावर तपासासाठी बाळाचंही रक्त घेतील. तिला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं आणि समितीच्या लेखी आदेशाशिवाय ठेवून घ्यायचं नाही. सोबत जाणारी बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असावी. दर खेपेला नवा चेहरा दिसला की मुलगी पहिल्यापासून सगळं सांगत बसते, आणि प्रत्येक सांगण्यात तिचं थोडं रक्त आटतं.

आठवड्यांबद्दल अधिक स्पष्ट बोलायला हवं, कारण आमच्यासारख्या घरांवर संशय असतो तो इथेच. गर्भातला जीव हा जीव आहे अशी आमची श्रद्धा आहे. ती लपवायचं कारण नाही. पण मुलीला कायदा काय देतो हे तिच्यापासून लपवायचा अधिकार त्या श्रद्धेने मिळत नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होऊ शकतो आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही त्यात धरलं. सज्ञान बाईला ना नवऱ्याची सही लागते ना आईबापांची. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. एखादी मुलगी एकोणिसाव्या आठवड्यात दारात आली आणि आपण "बघू, प्रार्थना करू" म्हणत सहा आठवडे काढले, तर ती प्रार्थना नसून फसवणूक आहे. पहिल्याच दोन दिवसांत सोनोग्राफी करून आठवडे मोजायचे, सरकारी डॉक्टरांशी तिची एकटीची गाठ घालून द्यायची आणि त्या वेळी आपण खोलीच्या बाहेर थांबायचं. ती दुसरा रस्ता धरून परत आली तरी तिची खाट तिचीच. आमच्यातल्या काहींना हे अवघड जातं. अवघड जातं म्हणूनच ते कागदावर नियम म्हणून लिहून ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात हे नवीन नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा भिंतींवर पत्रकं लावली होती: विधवांनी इथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावं, आणि मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांच्या खुशीवर राहील. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या माणसांनी निर्णय बाईच्या हातात ठेवला होता. १८७५ मध्ये पंढरपुरात असंच घर उभं राहिलं. पंडिता रमाबाईंनी केडगावात कृपासदन काढलं, समाजाने टाकलेल्या बायांसाठी. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. यातली काही माणसं देवावर भरवसा ठेवून काम करणारी होती, काही धर्माशी भांडून. बाईला आधी आसरा द्यावा, हिशेब मागू नये, इथे मात्र त्यांचं एकमत होतं.

मग घरात प्रार्थना कुठे बसते? आमच्या मते ती चालवणाऱ्यांची शिस्त असावी. राहणाऱ्यांकडून तिची वसुली होता कामा नये. सकाळची प्रार्थना न्याहारीच्या नंतर ठेवावी, आधी नाही. आधी ठेवली की भुकेली मुलगी पोह्यांसाठी प्रार्थनेला बसते, आणि मळमळणाऱ्या पोटाला अर्धा तासही फार असतो. हजेरी घ्यायची नाही. कुणी कोपऱ्यात अंबाबाईचा फोटो ठेवला तर राहू द्यावा. कुणी जोतिबाचा गुलाल पुडीत बांधून आणलेला असतो, कुणी नमाज पढते. कुणी शुक्रवारी उपास धरते म्हणाली तर गरोदरपणात उपास का नको ते डॉक्टरांकडून सांगायला लावावं, आपण धर्माचा वाद घालू नये. आणि कुणी स्वतःहून "मला तुमच्या उपासनेला यायचंय" म्हणाली, तर या, पण धर्म बदलण्याची कसलीही गोष्ट ती घरात असेपर्यंत काढायची नाही. ज्या माणसाचं छप्पर, जेवण आणि औषध आपल्या हातात आहे, त्याच्या "हो"ला फारसं वजन नसतं.

आता कागदांतली एक खाचखळग्याची जागा. दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढताना पहिला प्रश्न असतो "नवऱ्याचं नाव?" मागे रांग असते, लोक बघत असतात. अशा वेळी बरोबरची बाई घाईने एखादं नाव ठोकून देते किंवा आधीच मुलीच्या गळ्यात खोटं मंगळसूत्र अडकवलेलं असतं. मंगळसूत्राचं समजू शकतो. बसमधल्या नजरा चुकवायला एखादीला ते हवं असेल तर घालू दे, तिने स्वतः मागितलं तरच. पण केसपेपरवरचं खोटं नाव पुढे पुढे सरकत जातं. केसपेपरवरून ते डिस्चार्ज कार्डावर जातं, तिथून जन्माच्या नोंदीत, तिथून दाखल्यावर. मग मूल समर्पित करायचं, म्हणजे दत्तकासाठी कायद्याने सोपवायचं ठरलं तर विवाहित दिसणाऱ्या आईबरोबर बापाचीही सही मागतात, आणि तो बाप तर अस्तित्वातच नसतो. मूल ठेवायचं ठरलं तरी शाळेच्या दाखल्यापर्यंत ते नाव पाठ सोडत नाही. म्हणून पहिल्या भेटीच्या आधी दवाखान्याच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून यावं. ते खिडकीऐवजी आतून केसपेपर काढून देतात. अविवाहित आईला बापाचं नाव न देता मुलाचा जन्मदाखला मिळतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची, नंतर विलंबाची कटकट मागे लागते. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनेच आईचं नाव घालायला लावलं आहे, त्यामुळे कागदावर एकटं आईचं नाव आता पूर्वीइतकं डोळ्यांवर येत नाही.

स्वयंपाकघर हे या घराचं खरं औषधालय. येणाऱ्या मुलींचं रक्त बऱ्याचदा कमी असतं. महिनोन्‌महिने लपतछपत अर्धपोटी राहिलेल्या असतात. हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे रक्तक्षय, सातच्या खाली म्हणजे दवाखान्यात भरती. लोहाची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, निदान एकशे ऐंशी दिवस, आणि बाळंतपणानंतर तेवढीच. कॅल्शियमच्या रोज दोन. पण दोन्ही एकत्र दिल्या तर लोह अंगी लागत नाही. म्हणून कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लोह रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर कधीच नाही. कोल्हापुरात दर दोन तासांनी चहा होतो, तेव्हा ही वेळ राखणं वाटतं तितकं सोपं नाही. गोळीने शौचाला काळं होतं, पोट बांधलं जातं, तोंडाला चव येत नाही, आणि मुली गोळ्या गादीखाली सारतात. गादी उन्हात घालताना सापडल्या तर रागवू नये. गोळी आपल्या हाताने द्यावी, समोर घ्यायला लावावी, पाणी वाढवावं, जेवणात पिकलेली पपई ठेवावी. (पिकलेल्या पपईला घाबरायचं कारण नाही. टाळायची ती कच्ची.)

गुळाबद्दल बोललं की कोल्हापूरकरांना वाईट वाटतं, पण सांगायला हवं. "गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल" यावर विसंबून गोळी सोडणाऱ्या मुली बघवत नाहीत. गुळात लोह असतं, पण अंगी लागतं फार थोडं. गूळ चवीला हवा, औषध म्हणून नको. त्यापेक्षा रोज एक उसळ, हिरवी पालेभाजी, अंडं, आठवड्यातून एक-दोनदा मटण किंवा मासे, आणि प्रत्येक जेवणात लिंबाची फोड. रविवारी पांढरा रस्सा केला की सातव्या महिन्यातली, काही न खाणारी मुलगीही वाटी पुढे करते. तांबड्याचं तिखट मात्र बेताचं ठेवावं, आठव्या-नवव्या महिन्यात छातीत जळजळतं. आठ मुली आणि तीन कामाच्या बाया धरल्या तर दुधाचा अंदाज रोज पाच लिटर: प्रत्येक मुलीला अर्धा लिटर आणि वर सगळ्यांच्या चहा-दह्याला. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या मध्यम आकाराच्या बारा-चौदा भाकऱ्या होतात, त्यावरून महिन्याची ज्वारी काढता येते. नाचणीचं आंबील संध्याकाळी पाचला द्यावं. दोन जेवणांत लांब अंतर पडलं की या दिवसांत चक्कर येते. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांची मोफत तपासणी असते. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवायची, म्हणजे त्या दिवशी लवकर स्वयंपाक होतो आणि मुली उपाशी रांगेत उभ्या राहत नाहीत.

छत्तिसावा आठवडा लागला की पिशवी भरून दाराशी ठेवायची: दोन गाऊन, सुती पट्ट्या, बाळाची चार दुपटी, टोपडं, तपासणीची फाइल, आधार कार्ड आणि रक्तगटाची चिठ्ठी. १०८ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत. गाडी यायला उशीर झालाच तर येईल असा एक ओळखीचा रिक्षावाला रात्रीसाठी बांधून ठेवावा. पावसाळ्यात याहून वेगळं गणित आहे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराला वेढा पडला. तेव्हापासून ज्यांच्याकडे नवव्या महिन्यातली बाई असते ती माणसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतात. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. इशारा लागला की दिवस भरत आलेल्या मुलींना दवाखान्याच्या बाजूला हलवायचं, धोक्याची वाट बघायची नाही. त्रेचाळिसाला सगळेच हलत असतात. पिण्याचं पाणी साठवायला झाकणाचे पिंप, पंधरा दिवसांचं धान्य आणि बॅटऱ्या जूनमध्येच भरून ठेवायच्या.

बाळंतपणाच्या खोलीत तिच्याबरोबर कोण जाणार हे आधी तिने ठरवावं आणि ते नाव फाइलवर लिहून ठेवावं. नाहीतर ऐन वेळी जी मोकळी असेल ती जाते.

घरी आल्यावर चालवणाऱ्यांची कसोटी लागते ती बाळ रडतं तेव्हा. अनुभवी मावशीचे हात आपोआप पुढे होतात. ती बाळ उचलते, थोपटते, दोन मिनिटांत शांत करते आणि सतरा-अठरा वर्षांची आई बघत राहते. चार वेळा असं झालं की तिची खात्री पटते की हे बाळ आपल्याला जमणार नाही. म्हणून मावशीने हात मागे बांधून शेजारी बसावं, तोंडाने सांगावं: "डोकं कोपरावर घे, पोटाशी पोट लाव, तोंड मोठं उघडू दे, मग पाज." वेळ लागतो. लागू द्यावा. पहिल्या तासातच स्तनपान सुरू करायचं, पहिलं चिकाचं दूध टाकायचं नाही. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत परत येतं, हे तिला आधी सांगितलं नाही तर "माझं दूध पुरत नाही" म्हणून ती रडत बसते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले झाले की पुरतंय. मध नको, गुटी नको, डोळ्यांत काजळ नको. बंद खोलीत शेगडी आणि धुरी तर मुळीच नको. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि आई-बाळ झोपेतच जातात. बाळंतिणीची पट्टी तासाभरात पूर्ण भिजली, ताप आला किंवा पाय एका बाजूने सुजून दुखायला लागला, तर डॉक्टर. तिसऱ्या दिवसापासून रडू येतं ते बऱ्याच जणींना येतं आणि ओसरतं. दोन आठवडे झाले तरी ओसरलं नाही, झोप उडाली, बाळाकडे बघवेना झालं, तर ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

बाराव्या दिवसाचं एक नाजूक आहे. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. इथल्या पुष्कळ बाळांना आत्या नसते, म्हणजे असते पण ती येणार नसते. अशा वेळी चालवणाऱ्यांपैकी कुणी आत्या होऊन पुढे सरसावू नये. आईलाच पाळण्यावर वाकून नाव सांगू द्यावं. आधी तिला एकटीला गाठून विचारायचं, बारसं हवं का. डोहाळजेवणाचंही तसंच. एखादीला हिरवी साडी आणि फुलांच्या वाड्या हव्या असतात, आजवर तिच्या पोटाकडे कुणी आनंदाने बघितलेलं नसतं. दुसरीला तोच सोहळा जखमेवर मीठ वाटतो. चारचौघींत विचारलं की ती "हो" म्हणते आणि रात्री जेवत नाही.

मूल ठेवायचं की द्यायचं हा प्रश्न दवाखान्याच्या खाटेवर कुणी काढायचा नाही. द्यायचं ठरवलं तर धरायचा रस्ता एकच: २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल कल्याण समितीपुढे समर्पण, शक्यतो समितीच्या महिला सदस्यासमोर. अविवाहित आईची एकटीची सही पुरते. सहीनंतर दोन महिने तिला विचार बदलायला मिळतात आणि या साठ दिवसांत ती परत मागायला आली तर तिला लाज वाटेल असं एक अक्षरही बोलू नये. ते दिवस कायद्याने तिला त्यासाठीच दिले आहेत. स्टँपपेपरवर लिहून परस्पर ओळखीतल्या जोडप्याला बाळ देणं बेकायदा आहे, पैसे घेतले तर सरळ विक्रीचा गुन्हा. आमच्या उपासनेच्या मंडळीतली भली, लेकरासाठी झुरणारी जोडपी उपासनेनंतर हळूच विचारतात, "एखादं बाळ असलं तर कळवा हं." त्यांना तिथल्या तिथे दत्तकासाठीची सरकारी नोंदणी सांगायची आणि घरातल्या मुलींची एकही माहिती द्यायची नाही. त्यांचं दुःख खरं आहे. पण ते मुलीच्या खोलीपर्यंत पोचलं की तिच्यावर दडपण येतं, आणि दडपणाखाली दिलेलं बाळ तिला जन्मभर परत मागत राहतं.

बाळ दिलेल्या मुलीच्या शरीराला हे कागद कळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दाटून येते. जुन्या पद्धतीने कापडाने करकचून बांधलं की गाठी होतात, ताप येतो. अंगाला नीट बसणारी ब्रा, थंड पट्ट्या, दुखलं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि फार ठणकलं तर आराम पडेल इतकंच दूध काढणं. पूर्ण काढलं की आणखी येतं. आठवडाभरात बहुधा ओसरतं. या दिवसांत तिची खाट पाळण्यांपासून लांबच्या खोलीत हवी. दुसऱ्याचं बाळ रडलं तरी तिचं दूध पाझरतं. बाळाला बघायचं, जवळ घ्यायचं असेल तर घेऊ द्यावं. "बघू नको, माया लागेल" म्हणणारी माणसं विसरतात की माया नऊ महिने आधीच लागलेली आहे.

मूल ठेवणारीची वाट लांबची. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की कामाचं बघायला लागतं आणि काम मिळालं तरी पाळणाघर नसलं की पहिल्याच आठवड्यात सुटतं. इचलकरंजीचे यंत्रमाग, गोकुळ शिरगावचे कारखाने, हुपरीचं चांदीकाम, शहरातली रुग्णसेवा, सगळीकडे पाळ्या असतात. तेव्हा आधी पाळणाघर ठरवायचं, मग काम. एकट्या आईच्या मुलासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून जन्मदाखला हातात पडला की त्याच आठवड्यात टाकावा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. नोंदणी, परवानग्या, लेखापरीक्षण हे सगळं वेळेवर, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय दार उघडू नये. आठ-दहापेक्षा जास्त मुली घेऊ नयेत, कारण रात्री एका वेळी एकच प्रसूती सांभाळता येते. पण देणगीदारांबद्दल मोठ्याने बोललं पाहिजे. वाढदिवसाला जेवण घालायची आपल्याकडे चांगली रीत आहे. लोक केक घेऊन येतात, मुलींना ओळीने बसवून वाढतात आणि फोटो काढतात. तो फोटो संध्याकाळपर्यंत गावाकडच्या ग्रुपवर पोचतो. मुलगी जिथून लपून आली तिथेच. अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. देणगी कार्यालयात घ्यावी, पावती तिथेच द्यावी, धान्य दाराशी उतरवून घ्यावं. आतलं बघितल्याशिवाय देणार नाही म्हणणाऱ्याची देणगी नम्रपणे परत करावी.

सज्ञान मुलगी मधूनच निघते म्हणाली तर? रात्री अकराला, आठवा महिना, बाहेर तो उभा असतो, ज्याने मारलं होतं. थांबवायचा प्रयत्न करावा, बोलून. नाही ऐकलं तर फाइलची झेरॉक्स, पंधरा दिवसांच्या गोळ्या, परतीच्या भाड्याचे पैसे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात द्यावी. पैसे त्याला दिसणार नाहीत अशा ठिकाणी ठेवायला सांगावं. खाट आठ दिवस तिच्या नावावर ठेवावी. मुली परत येतात, पुष्कळदा पहाटे, आणि त्या वेळी "सांगितलं होतं ना" हे शब्द तोंडातून जाऊ नयेत. भाकरी झाकलेली असतेच.

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं. कडी अर्ध्यात अडकते, ओढायला जोर लागतो, आणि दिवस भरलेल्या बाईला तो जोर लावता येत नाही. मे महिन्याच्या शेवटी सुताराला बोलावून दाराची खालची कड रंधून घ्यावी, कडीला तेलाचे चार थेंब घालावेत, आणि घरातल्या सगळ्यात बारक्या मुलीला एका हाताने ती उघडून बघायला सांगावं.